दांडगा कन्व्हिक्ट टाकीतून बाहेर काढायचा कसा?

अमळनेरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. आत चार एंजल मासे, दहा-बारा छोटे टेट्रा, काचेवरचं शेवाळ खाणारा एक सकर मासा, काही झाडं आणि मोठं ड्रिफ्टवुड, म्हणजे शोभेचं लाकूड. वर्षापूर्वी ‘झेब्रा’ म्हणून घेतलेला इंचभर मासा आता चार इंचांचा झालाय. त्यानं लाकडाखाली घर केलंय, एंजलचे पर कुरतडलेत. तीन दिवस जाळी फिरवली, तो सापडला नाही. उलट एका एंजलच्या डोळ्याला इजा झाली आणि निम्मी झाडं उपटली. टाकी न मोडता तो काढता येईल का?

येईल. पण आधी जाळी खुंटीला टांगा आणि तीन दिवस टाकीत हात घालू नका. त्या माशाला आता जाळी ओळखीची झाली आहे. तुम्ही टाकीजवळ जाताच तो लाकडाखाली शिरत असेल, तर आज केलेला प्रत्येक प्रयत्न उद्याचं काम अवघड करतो.

वर्णनावरून हा कन्व्हिक्ट सिक्लिड दिसतो (सिक्लिड हे माशांचं एक कुळ). अंगावर उभे काळे पट्टे असतील तर तोच. आडवे पट्टे असलेला झेब्रा डॅनिओ वेगळा, तो बिचारा दोन इंचांच्या पुढं जात नाही. दुकानात दोघांनाही सरसकट ‘झेब्रा’ म्हणतात आणि घोटाळा तिथंच होतो. कन्व्हिक्ट मूळचा मध्य अमेरिकेतला. जागा धरून बसणं हा त्याचा स्वभाव, त्यामुळं पोट भरलेलं असो वा नसो, तो मारामारी करणारच. मादीच्या पोटावर नारिंगी झाक असते, नर मोठा आणि टोकदार परांचा. टाकीत दोन असतील तर आधी हे बघून घ्या, कारण जोडी असेल तर दोघांनाही काढावं लागेल.

मासा चपळ असतो म्हणून सापडत नाही, हा गैरसमज आहे. तो सापडत नाही कारण त्याच्याकडं जागा जास्त असते. तुमच्या टाकीत १६ इंच पाणी धरलं तर ते साधारण १७० लिटर होतं, आणि तुमची जाळी जेमतेम सहा इंचांची. त्यातून बारीक छिद्रांची हिरवी जाळी पाण्यातून ओढली की ती पाणी गाळत नाही, पुढं ढकलते. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते, तिला पाण्याचा दाब आधीच कळतो. जाळी दिसायच्याही आधी मासा निघालेला असतो. म्हणून खाली जे उपाय दिलेत ते सगळे एकाच कामाचे आहेत : त्याची जागा कमी करणं, किंवा तो स्वतःहून लहान जागेत येईल असं बघणं.

काहीही करण्याआधी त्याची पुढची सोय लावा. मासा जाळीत आल्यावर बादली शोधत फिरणारे बरेच असतात. झाकणाची २० लिटरची बादली घ्या. तिच्यात साबण किंवा फिनेल कधीच गेलेलं नसावं. झाकणाला दहा-बारा भोकं पाडा, कारण सिक्लिड उडी मारतो. बादलीत टाकीतलंच पाणी निम्म्यापर्यंत भरा. बोअरचं पाणी आपल्याकडं बहुतेक ठिकाणी जड असतं आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन. दमलेल्या माशाला दोन्हीपैकी काहीच सोसत नाही. हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन लावा. लाइट जाण्याचा भरवसा नसेल तिथं सेलवर चालणारा एअर पंप जवळ ठेवा. एवढी सोय असली की चार इंचांचा मासा उपाशीपोटी एक दिवस बादलीत निघतो. त्याला खायला घालू नका, पाणी लगेच नासतं.

आता उपाय. तुमच्या बाबतीत मी पहिला क्रमांक घराच्या सापळ्याला देईन, कारण तो सगळ्यात कमी धावपळीचा आहे. कन्व्हिक्टला गुहा लागते. आत्ता त्याची गुहा लाकडाखाली आहे. ते लाकूड सावकाश उचलून बाहेर काढा (त्यावर झाड बांधलेलं असेल तर बादलीत पाण्यात ठेवा) आणि त्याच जागी अडीच इंची पीव्हीसी पाइपाचा सात-आठ इंचांचा तुकडा आडवा ठेवा. एका तोंडाला एंड कॅप बसवा. कॅपला पेन्सिलीएवढी दोन-तीन भोकं हवीत, नाहीतर उचलताना पाइपात हवा आणि पाणी अडतं. पाइपाची जळगावात काय कमी, कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडं तुकडा मिळेल. मात्र जोडणीचं सोल्युशन वापरू नका, कॅप नुसती दाबून बसवा. कापलेली कड सॅन्डपेपरनं घासून गुळगुळीत करा. पाइप हलका वाटला तर शेजारी दोन गोटे टेकवा.

दुसरी आडोशाची जागा टाकीत उरता कामा नये, हे महत्त्वाचं. एखादा दगड राहिला तर तो दगडामागंच जाईल. बाकी माशांसाठी झाडांचा आडोसा पुरतो. दोन-तीन दिवसांत तो पाइपात राहायला लागतो. आयत्या बिळात नागोबा हा त्याचा धर्मच. मग सकाळी टाकीचा दिवा लावायच्या आधी, तो आत असताना, एक हात हळूहळू पाइपाच्या उघड्या तोंडाकडं न्या, तळवा तोंडावर गच्च ठेवा आणि दुसऱ्या हातानं पाइप उचलून तोंड वर करून बाहेर काढा. पाणी कॅपच्या भोकांतून गळतं, मासा आत राहतो. घाई फक्त तळवा ठेवण्यापुरती. हात ओला असू द्या, कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग तिथं बुरशी धरते.

सकर काढायचा असेल तरी हाच उपाय, पाइप फक्त तीन-चार इंची घ्या. सकरला जाळी घालूच नका. त्याच्या परांचे पहिले काटे ताठ आणि खरबरीत असतात. घाबरला की तो ते पसरून अडकवतो आणि जाळीत असा गुंततो की ओढून निघत नाही. गुंतलाच तर ओढू नका, नखं कापायच्या कात्रीनं जाळी कापा. पन्नास-साठ रुपयांची जाळी गेली तरी चालेल. क्लाउन लोच माशाच्या डोळ्याखाली काटा असतो, तोही असाच अडकतो. आणि नदीतून आलेल्या पिलांबरोबर सिंगी आली असेल तर तिला उघड्या हातानं धरायचंच नाही. तिच्या छातीच्या परांचे काटे विषारी असतात, लागले तर तासन् तास ठणकतं.

पाइपात तो गेलाच नाही तर आमिषाचा सापळा. इथं त्याचीच दांडगाई आपल्या उपयोगी पडते. बळी तो कान पिळी हा नियम टाकीतही चालतो. जो सगळ्यांना मारतो तोच खाण्यावर पहिला येतो. दोन लिटरच्या बाटलीचा सापळा सगळीकडं दाखवतात, पण त्या बाटलीचं तोंड जेमतेम पाऊण-एक इंचाचं. त्यात टेट्रा जातील, तुमचा चार इंची कन्व्हिक्ट जाणार नाही. पाण्याचा पाच लिटरचा पारदर्शक कॅन घ्या. खांद्याखाली आडवा कापा. वरचा नरसाळ्यासारखा भाग उलटा करून आत बसवा आणि त्याचं तोंड कापून दोन इंच करा. चार बाजूंना केबल टाय. कापलेल्या कडा कोमट इस्त्रीवर क्षणभर टेकवल्या की आत वळतात आणि धार जाते. कॅनच्या अंगाला करंगळी जाईल एवढी भोकं पाडा. त्यामुळं आत शिरलेले टेट्रा बाहेर पडू शकतात, आमिषाचा वास बाहेर येतो, आणि दोन इंचांच्या तोंडातून उंच अंगाचा मोठा एंजल जातच नाही. म्हणजे भोकांच्या मापानंच निवड होते. तळाशी धुतलेली वाळू किंवा गोटे घालून कॅन आडवा टेकवा.

घाई इथंही नको. पहिले दोन दिवस नरसाळं न बसवता कॅन नुसता ठेवा आणि रोजचं खाणं त्याच्या तोंडाशी टाका. मग दोन दिवस टाकीतल्या सगळ्यांचा उपास. धडधाकट मोठ्या माशाला त्यानं काही होत नाही. तिसऱ्या दिवशी नरसाळं बसवून आत गांडुळाचा तुकडा किंवा त्याचे नेहमीचे दाणे कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवा. गांडूळ कपाशीच्या किंवा केळीच्या फवारलेल्या शेतातलं नको, सगळी टाकी जाईल. आणि समोर बसून राहा. सापळा लावून झोपायला जायचं नाही. कॅनच्या आत पाणी फारसं खेळत नाही, शिवाय कोंडलेल्या दुसऱ्या माशाला कन्व्हिक्ट आतच फाडतो. अर्ध्या तासात आला नाही तर उचला, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

काही जण हेच काम शेडनेट शिवून करतात. घरात पडलेली असते, म्हणून सुचतं. शेडनेटचे धागे राठ असतात, खवले निघतात. मच्छरदाणीचं मऊ कापड परवडलं.

रात्रीचा उपाय सोपा, पण एकाच झटक्याचा. दिवा बंद केल्यावर दोन-तीन तासांनी सिक्लिड तळाशी एका जागी स्थिर होतो, रंग फिका पडतो. टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधा, जाळी आधीच पाण्यात बुडवून ठेवा. कोरडी जाळी पाण्यात शिरताना बुडबुडे करते आणि त्यानंच तो जागा होतो. जाळी त्याच्या पुढं, तोंडाच्या बाजूला उभी धरा आणि दुसऱ्या हातानं शेपटीकडून फुटपट्टी हलकेच सरकवा. मासा पुढं पळतो, मागं नाही. हुकलं तर त्या रात्री परत प्रयत्न करायचा नाही. अंधारात बिथरलेले एंजल काचेवर आपटतात. तसंच, जोडीनं अंडी घातली असतील तर रात्रीचा डाव विसरा, तेव्हा ते पहाऱ्यावर असतात. उलट त्या वेळी ते अंड्यांची जागा सोडत नाहीत, म्हणजे पाइप किंवा करवंटी उचलायला यासारखी संधी नाही. पिलं शंभरावर निघू शकतात, ती एअरच्या बारीक नळीनं सायफन करून घ्या.

हे सगळं फसलं तरच पाणी उतरवायचं. लोक सुरुवात इथूनच करतात आणि अर्धवट करतात. चार इंच पाणी काढून पुन्हा जाळी फिरवण्यानं काही साधत नाही. तुमच्या टाकीत दर इंचाला सुमारे साडेदहा लिटर पाणी बसतं. १६ इंचांवरून ६ इंचांवर यायचं तर जवळपास १०५ लिटर, म्हणजे २० लिटरच्या पाच-सहा बादल्या. एंजल उभट अंगाचे असल्यामुळं सहाच्या खाली जाऊ नका, ते आडवे पडतात. काढलेलं पाणी फेकायचं नाही, तेच परत टाकीत जाणार आहे. जिथं नळ रोज येत नाही तिथं तर हा हिशोब पक्का हवाच. स्वच्छ धुतलेले ड्रम चालतील, फवारणीचा ड्रम कितीही धुतला तरी नाही.

सायफनला ठिबकची १६ मिमीची साधी नळी उत्तम चालते. मात्र कोरी, ड्रिपर नसलेली. शेतातून आणलेल्या नळीतून खतं आणि ॲसिड गेलेलं असतं. टाकीतल्या तोंडाला स्पंज बांधा, नाहीतर टेट्रा ओढले जातात.

आधी हीटर बंद करा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा, मगच पाणी उतरवा. धुळ्या-जळगावच्या थंडीत हीटर बराच वेळ चालू असतो. तापलेली काच पाण्याबाहेर आली आणि परत पाणी लागलं की तडकते, आणि मग मासा पकडणं बाजूलाच राहतं. पॉवर फिल्टरही बंद, कोरडा फिरला की मोटर जाते. फिल्टरचा स्पंज बाहेर सुकू देऊ नका, टाकीच्या पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. त्यातले जिवाणूच टाकीतला अमोनिया संपवतात. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात उघडा स्पंज बघता बघता वाळतो.

पाणी उतरलं की दगड-लाकूड बाहेर. झाडं राहू द्या. आता टाकीला पडदा घाला. फ्लेक्स छापणाऱ्यांकडं सनपॅक शीट (आतून पोकळ प्लास्टिकचं) मिळतं, ते हलकं असतं आणि कटरनं कापलं जातं. टाकीच्या आतल्या रुंदीपेक्षा पाव इंच कमी रुंद आणि पाण्यापेक्षा चार इंच उंच कापा. आधी फुटपट्टी किंवा हात सावकाश हलवून कन्व्हिक्ट ज्या अर्ध्यात असेल ते बघा, मग शीट मधोमध उभं घाला. ते तरंगतं, म्हणून एकानं धरून ठेवायचं. हे दोघांचंच काम आहे. शीट दोन-दोन इंच सरकवत टाकीच्या टोकाकडं न्या. मध्ये दुसरे मासे अडकले तर शीटची एक बाजू किंचित उघडून त्यांना जाऊ द्या. एंजल सहसा वरच्या थरातून निघतात, कन्व्हिक्ट तळ सोडत नाही.

आठ-दहा इंचांची पट्टी उरली की मोठी जाळी काढा. दहा इंची, जरा मोकळ्या छिद्रांची. ती पाण्यात कमी अडते. मोठी जाळी कोपऱ्यात काचेला टेकवून स्थिर धरायची, हलवायची नाही. लहान जाळी दुसऱ्या हातात, तिनं फक्त हाकायचं. मासा मोठ्या जाळीसमोर आला की घाईनं उचलू नका, आधी तोंड काचेवर दाबून बंद करा, मग काचेला घासत वर आणा. पाण्याच्या वर काढण्याआधी जाळीखाली प्लास्टिकचा डबा बुडवा आणि डब्यासकट उचला. नुसत्या जाळीत तडफडणारा सिक्लिड स्वतःचे पर फाडून घेतो आणि जाळीच्या काठावरून उडीही मारतो. जमिनीवर ओला टॉवेल पसरलेला असावा, पडला तर फरशीवर आपटत नाही.

उन्हाळ्यात हे काम सकाळी सहा-सातलाच करा. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागं सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. भुसावळकडच्या मे महिन्यात दुपारी टाकीचं पाणीही तापलेलं असतं. त्यात पळापळ आणि उतरलेलं पाणी म्हणजे आधी एंजल जातील, कन्व्हिक्ट नाही. तळाच्या खड्यांखालचा गाळ उठला तर तो सायफननं घ्या, त्या गढूळ पाण्याच्या एक-दोन बादल्या फेकून द्या आणि तेवढंच नवं, क्लोरीन काढून टाकलेलं पाणी घाला.

गळाचा उपाय बरेच जण विचारतात. लहान गळाचा काटा पक्कडनं चेपून, गांडूळ लावून सिक्लिड नक्की येतो. पण कन्व्हिक्टचं तोंड लहान. गळ गिळला तर मासा वाचत नाही. मोठ्या ऑस्कर किंवा रेड डेव्हिलला एक वेळ ठीक, इथं नको. लवंग तेल टाकीत टाकून सगळ्यांना गुंगी आणणं हा तर वेडेपणा आहे. मात्रा टाकीभर सारखी पसरत नाही, आणि टेट्रा आधी जातात.

मासा बादलीत आला की पुढं काय? दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा. पैसे मिळणार नाहीत, पण बरेच जण ठेवून घेतात. ठेवायचाच असेल तर त्याला एकट्याला दोन फुटी टाकी पुरते.

मेहरूण तलावात, वाघूरच्या किंवा हतनूरच्या पाण्यात, गिरणेत, तापीत सोडायचा नाही. एवढ्याशा माशानं काय होतं, असं वाटतं. तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला आणि आज तो देशभरच्या तलाव-धरणांत आहे. सकरही देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत सापडतो. तो कुणाच्या तरी टाकीतूनच गेलेला असतो. कन्व्हिक्ट आपल्या उष्ण पाण्यात सहज तगेल, अंडी-पिलं राखणारा मासा तो, आणि टाकीतले रोगही बरोबर नेतो. संडासात टाकणं तर क्रूरपणाच.

कुणीच घेत नसेल आणि ठेवणं शक्य नसेल, तर वेगळ्या बादलीत लवंग तेल. ५ लिटर पाण्याला २ मिली, म्हणजे लिटरला ०.४ मिली. तेल थेट पाण्यात मिसळत नाही. लहान बाटलीत कोमट पाणी घेऊन त्यात ते दुधासारखं होईपर्यंत हलवा आणि मग बादलीत सोडा. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही अर्धा तास तसंच राहू द्या. नंतर पुरून टाका, त्या तेलाचं पाणी टाकीकडं फिरकू देऊ नका.

टाकी भरून झाल्यावर लाकूड जुन्या जागी ठेवू नका, दुसऱ्या टोकाला, जरा वाकडं ठेवा. सगळ्यांच्या हद्दी एकदम पुसल्या जातात. नाहीतर त्याच कोपऱ्यात चार एंजलपैकी सगळ्यात दांडगा बसतो. एंजल जोडीनं अंडी घालणार असतील तर तेही काही दिवस इतरांना हाकतात, तेवढ्यासाठी जाळी काढायची नाही. दिवा त्या दिवशी बंद ठेवा, खाणं दुसऱ्या दिवशी, नेहमीच्या निम्मं. फाटलेले पर स्वच्छ पाण्यात दोन-तीन आठवड्यांत भरून येतात. डोळा दुखावलेल्या एंजलकडं मात्र रोज बघा. डोळ्यावरचा पांढुरका पडदा कमी होत असेल तर औषध नको. डोळा फुगायला लागला किंवा कापसासारखे तंतू दिसले, तर त्याला एकट्याला वेगळ्या डब्यात घ्या. हा एंजल धरायला जाळी लागत नाही. खाण्याच्या वेळी तो काचेजवळ वर येतो, तेव्हा पारदर्शक डबा हळूच खालून वर आणा.